तीन सेंटिमीटर

ताईच्या दुकानाला पाटी नव्हती आणि तिची गरजही कधी पडली नव्हती. ज्यांच्याकडे जुना कॅमेरा होता त्यांना दुकान ठाऊक होतं. ज्यांच्याकडे नव्हता त्यांचं तिथे काही काम नव्हतं. जिन्याखालच्या त्या लांबट खोलीत आधी तिचे वडील बसायचे. ते थकल्यावर ती बसायला लागली, आणि बसता बसता सदुसष्ट वर्षांची झाली. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर पांढऱ्या फडक्यावर मांडलेले मोहरीएवढे स्क्रू. बोलणं कमी. कुणी कॅमेरा पाडून आणला असेल तर मात्र ती चार शब्द सुनवायची, आणि मग तो असा काही दुरुस्त करून द्यायची की गिऱ्हाईक बोलणी खाऊनही खुशीत घरी जाई.

तिचा धाकटा भाऊ बुद्धिबळाच्या स्पर्धांचे फोटो काढायचा. खेळाडूंनी त्याचं नाव बोका ठेवलं होतं, कारण तो पटाशेजारी कधी येऊन उभा राहिला आणि कधी निघून गेला ते कुणाला कळत नसे. नाव असं चिकटलं की पुढे घरातही त्याला बोकाच म्हणू लागले. इतर फोटोग्राफरांना डावाची पहिली पाच मिनिटं झाली की पंच दोरीबाहेर काढत. बोक्याला आत राहू देत. त्याच्या हातात वडिलांच्या उमेदीतला चपटा कॅमेरा होता. त्यात आरसा नाही, त्यामुळे फोटो निघाला तरी आवाज व्हायचा तो कुणी जिभेने हलकेच ‘टक्’ केल्यासारखा. वजीर गमावलेल्या माणसाला तेवढं ऐकू येत नाही.

या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघत नाहीत. शेजारच्या छोट्या खिडकीतून बघायचं. तिथे समोरच्या माणसाचे दोन चेहरे दिसतात, एक ठसठशीत आणि एक भुतासारखा फिकट. लेन्सची कडी फिरवत ते दोन्ही चेहरे एकमेकांवर चपखल बसवले की फोकस झाला. बोक्याचं आयुष्य हे चेहरे जुळवण्यातच गेलं होतं, आणि कॅमेऱ्यातली ही जुळणी नीट राखण्याचं काम ताईचं. दरवर्षी पावसाळा संपला की तो कॅमेरा तिच्याकडे यायचा, उघडला जायचा, पुसला जायचा, आणि भिंतीवरच्या तक्त्यासमोर तपासून परत दिला जायचा.

बोक्याच्या पासष्टाव्या वाढदिवसाला त्याच्या मुलीने लेन्स पाठवली. आजकालच्या घडणीची, पण जुन्या कॅमेऱ्यावर बसेल अशी. बोका ती घेऊन ताईकडे आला तो डबा पोटाशी धरून, दूध सांडेल अशा चालीने. जुनी लेन्स साडेतीनची होती; हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. ही एक पॉइंट दोनची, म्हणजे जुनीच्या आठपट उजेड आत घेणारी. स्पर्धांच्या दालनांत दिवे नेमके पटावर असतात आणि खेळाडूंचे चेहरे अर्ध्या अंधारात, हे रडगाणं बोक्याने मुलीला फोनवर वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. मुलीने ते मनावर घेतलं.

ताईने लेन्स तळहातावर तोलली. पुढची काच बशीएवढी मोठी वाटत होती. तिने ती कॅमेऱ्यावर चढवली, खिडकीतून पाहिलं, तर लेन्सच इतकी रुंद की खिडकीचा खालचा कोपरा तिनेच अडवला होता.

"लहान तोंडी मोठा घास," ती म्हणाली.

बोक्याने तिला सांगितलं की चावून चावून खाल्ला तर मोठा घासही पचतो. तो इतका खूश होता की ताईने पुढचं जरा सांभाळून सांगितलं. ही लेन्स उजेड जास्त घेते, पण सवलत कमी देते. साडेतीनच्या लेन्सला माणूस दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे झाला तरी चालतं. ही पूर्ण उघडली की एका बोटाचाही फरक खपवून घ्यायची नाही. बोका म्हणाला, चाळीस वर्षं चेहरे जुळवतोय, आता एका बोटासाठी अडणार आहे का.

अडलं. पुढच्या स्पर्धेनंतर तो फोटोंचं पाकीट घेऊन आला आणि फोटो कट्ट्यावर पसरून बसला. ताईने भिंग लावलं. उजेड सुरेख होता. पार्श्वभूमी लोण्यासारखी वितळली होती. पण पहिल्या फोटोत एका आडदांड दाढीवाल्याचा कान असा स्वच्छ आला होता की कानातले केस मोजावेत, आणि डोळे धुक्यात. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात एका मुलीची वेणी लख्ख, पापण्या पुसट. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत लोकांचे कान पाहण्याजोगे होते.

ताईने कॅमेरा तक्त्यासमोर ठेवला. दगडी कट्ट्यावर वडिलांनी छिन्नीने एक रेघ कोरली होती. तिथून समोरच्या भिंतीवरचा काळ्यापांढऱ्या चौकटींचा तक्ता बरोबर एक मीटरवर. लेन्सच्या कडीवरचा आकडा एक मीटरवर आणला आणि खिडकीतून पाहिलं, तर दोन्ही प्रतिमा एकमेकींवर इतक्या नेमक्या बसल्या होत्या की नखाएवढीही फट नाही. मग दुकानाबाहेरच्या लांबच्या पाण्याच्या टाकीवर पाहिलं. तेही बरोबर. शेजारच्या स्टुडिओवाल्याकडून डिजिटल कॅमेरा मागून आणला, त्यावर ही लेन्स लावून पाहिली. लेन्स निर्दोष, धारदार.

कॅमेरा बरोबर, लेन्स बरोबर. मग राहिलं कोण? दोघांनाही ते एकाच वेळी सुचलं आणि दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

शेवटी बोकाच म्हणाला, "म्हणजे माल ठीक आहे, गिऱ्हाईकच जुनं झालंय."

तो डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरांनी अर्धा तास दिवे मारून पाहिलं आणि सांगितलं की सगळं वयोमानाप्रमाणे आहे. दुसरा कुणी हे ऐकून मिठाई वाटत घरी आला असता. बोक्याने मात्र त्या एका शब्दाचा धसका घेतला. वयोमानाप्रमाणे. त्याचे वडील शेवटची सहा वर्षं काठीने चाचपडत चालले होते, तेही डॉक्टरांच्या भाषेत वयोमानाप्रमाणेच. त्याने स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या सचिवांना पत्र लिहिलं की यापुढे माझी अपेक्षा धरू नका. कॅमेरा, लेन्ससकट, ताईच्या फळीवर आणून ठेवला. विकायचाय का, असं तिने विचारलं, तर म्हणाला, नको, नुसता असू दे. जुनी लेन्स लाव आणि काम चालू ठेव, असंही तिने सुचवून पाहिलं. त्यावर तो म्हणाला की एकदा कळलं ते कळलं. जुनी लेन्स माझं झाकत होती एवढंच.

दर गुरुवारी तो चहाला यायचा, तो यायचा थांबला नाही. पण बसायचा फळीकडे पाठ करून. पूर्वी डाव, खेळाडू, त्यांच्या खोड्या, कोण हरायला लागला की बुटाची नाडी सोडतो आणि बांधतो, हे तो साभिनय सांगायचा. आता भाजीच्या आणि हवामानाच्या गप्पा मारायचा. ताईला हवामानात काडीचा रस नव्हता. ती हं हं करत काम करायची आणि तो गेल्यावर तिला उगाचच थकल्यासारखं व्हायचं.

अशाच दोन महिन्यांनंतरच्या एका गुरुवारी तिच्या चिमट्यातून एक स्क्रू निसटला. शटरच्या पात्याचा, मोहरीच्याही निम्मा. तिने दिवा खाली धरला, गुडघे टेकले, लोहचुंबक फिरवला. स्क्रू पितळी, त्याला लोहचुंबकाचं काय. शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या. बोका स्टुलावर बसल्या जागी, बशीत ओतलेला चहा फुंकत म्हणाला, "तो काय, झाडूच्या दांड्यापाशी. फरशीच्या फटीत उभा आहे बघ."

तो खरंच उभा होता. ताईने तो उचलला, जागेवर बसवला, आणि भाऊ निघून जायची वाट पाहिली. दीड माणूस लांबीवरून ज्याला फटीत उभा राहिलेला स्क्रू दिसतो, त्याला हातभरावरचे डोळे जुळवता येत नाहीत, हे तिला पटेना. आपण गोष्ट जिथे संपली असं धरलं होतं तिथे ती संपलेली नाही.

तिने फळीवरून कॅमेरा काढला. कट्ट्यावर रिकाम्या रोलच्या सहा डब्या तिरक्या रांगेत लावल्या, एकीच्या मागे एक, लेबलं पुढे करून. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, जिथे फिल्म असते तिथे दुधी काच ठेवली, शटर उघडं अडवलं. मग खिडकीतून पाहत तिसऱ्या डबीवरची अक्षरं काळजीपूर्वक जुळवली. भिंग घेऊन दुधी काचेवर पाहिलं. तिसरी डबी पुसट होती. चौथीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

तिने पुन्हा केलं. पुन्हा चौथी. पाचवीवर जुळवलं तर सहावी.

एवढी साधी तपासणी तिने दोन महिन्यांपूर्वी का केली नाही, याचं उत्तर तिच्यासमोरच भिंतीवर टांगलेलं होतं. वडिलांच्या तक्त्यावर शंका घ्यायची असते हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिने खणातून टेप काढली, एक टोक छिन्नीच्या रेघेवर धरलं आणि दुसरं तक्त्यापर्यंत नेलं. सत्त्याण्णव. टेप उलटी धरून पाहिली. सत्त्याण्णव.

मग तिला भिंत दिसली. नऊ वर्षांपूर्वी या भिंतीला ओल आली होती, पोपडे पडून कट्ट्यावर रांगोळी सांडल्यागत व्हायचं. सुताराने पट्ट्या ठोकून त्यावर फळ्या बसवल्या, छान गुळगुळीत, आणि ताईने खूश होऊन तक्ता जसाच्या तसा फळीवर टांगला. पट्टी दोन सेंटिमीटर आणि फळी एक. तक्ता तीन सेंटिमीटर पुढे सरकला आणि रेघ होती तिथेच राहिली. नऊ वर्षं ती दरेक कॅमेरा असा लावून देत होती की माणूस नाकडोळे जुळवेल आणि फोकस कानावर पडेल. जुन्या साडेतीनच्या लेन्सनी तिला सांभाळून घेतलं, कधी चुगली केली नाही. या नव्या, तोऱ्यातल्या लेन्सने पहिल्याच रोलला सांगितलं, आणि सगळ्यांनी मिळून दोष बिचाऱ्या बोक्याला दिला.

ताई स्टुलावर बसली. तिचे कान तापले होते. कॅमेऱ्याची जुळणी बदलायला दहा मिनिटं पुरली असती. भावाला बोलावून ‘जरा तेलपाणी केलंय, बघ आता’ एवढं म्हटलं असतं तर त्याला पत्ता लागला नसता, आणि चाळीस वर्षांत हातून चूक न झालेली ताई म्हणून तिचं नाव होतं तसं राहिलं असतं. हा विचार तिने चांगला पाच मिनिटं केला. मग दुकानाला कुलूप घातलं आणि भर दुपारी भावाच्या घरी गेली.

दार भावजयीने उघडलं, आणि ओठांवर बोट ठेवून तिला आत घेतलं. बाहेरच्या खोलीत बोका डोळे घट्ट मिटून, हात पुढे करून खुर्चीपासून स्वयंपाकघराकडे चालला होता. पुटपुटत पावलं मोजत होता. दहाव्या पावलाला कपाटाला कोपर लागलं, तेव्हा त्याने मान हलवली, पाठी गेला आणि पुन्हा सुरुवात केली. महिना झाला हे चाललंय, भावजय हळूच म्हणाली. विचारलं तर म्हणतात, व्यायाम आहे. चहाचे डबेसुद्धा वासावरून ओळखतात. परवा भाजीत मिठाऐवजी साखर पडली.

ताईने पर्स मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला बैठक मारली आणि एकदाचं सांगून टाकलं.

"तुझे डोळे ठीक आहेत. चूक माझ्या भिंतीत आहे."

बोक्याने डोळे उघडले. तिने डब्यांचं सांगितलं, टेपचं सांगितलं, सुताराचं सांगितलं. त्याने सगळं दुसऱ्यांदा सांगायला लावलं. तो हसून घेईल, अशी तिची अपेक्षा होती. तो हसला नाही. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत.

"तू गुपचूप नीट करून दिलं असतंस, तर मला कळलं असतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"कारण पुढे कधी एखादा फोटो जरासा हलला, की तू पुन्हा डोळे मिटून चालायला लागला असतास," ताई म्हणाली. "आणि चूक माझी होती. ती तुझ्या नावावर राहिलेली मला चालणार नाही."

बोका म्हणाला की मी रागावलोय, तेव्हा आज चहा तू कर. ताईने पदर खोचला आणि मुकाट्याने चहा केला. साखर कुठल्या डब्यात आहे हे त्याने खिडकीतूनच, मागे न बघता सांगितलं. पहिला घोट घेतल्यावर तो पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ते त्याने बाहीने पुसले. भावजयीने दोघांकडे पाहिलं आणि कसलंसं कारण काढून आतल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी ताईने तक्ता तीन सेंटिमीटर मागे नेण्यासाठी सुताराला बोलावून फळीला चौकोनी खिडकी पाडून घेतली. मागची मूळ भिंत पुन्हा दिसली, पोपड्यांसकट. त्यानंतर वही काढून तिने गेल्या नऊ वर्षांत जुळणी करून दिलेल्यांची नावं शोधली. त्रेचाळीस निघाली. एकेकाला फोन करून आपली चूक सांगितली आणि कॅमेरा घेऊन या, असं कळवलं. हे फोन करताना तिचा आवाज आधी ताठ असायचा, दहाव्या फोननंतर सैल पडला. बहुतेकांना काही कळलंच नव्हतं. एकाने तर उलट विनवणी केली: बायकोचे फोटो गेली काही वर्षं फार नाजूक येताहेत, तिला आवडतात, कृपा करून हात लावू नका. ताईने त्याच्या नावापुढे ‘हात लावू नये’ असं लिहून ठेवलं.

राहिला सचिवांचा प्रश्न. बोका पत्र मागे घ्यायला गेला तेव्हा सचिव म्हणाले की कसलं पत्र? खण उघडला तर पाकीट तिथेच होतं, न फोडलेलं. वरच्या अक्षरावरूनच त्यांना काय असेल ते समजलं होतं, आणि जे वाचलं नाही त्याचं उत्तर द्यावं लागत नाही असा त्यांचा हिशोब होता.

पुढच्या स्पर्धेला बोक्याने ताईला बरोबर नेलं. इतकी वर्षं तिने त्याच्या कामाचं यंत्र पाहिलं होतं, काम कधी पाहिलं नव्हतं. मोठं दालन, ओळीने टेबलं, घड्याळांची बारीक टिकटिक, आणि दीडशे माणसं असूनही अशी शांतता की आपल्या पोटातला आवाज शेजारच्याला ऐकू जाईल म्हणून लाज वाटावी. ताईला दोरीपाशी खुर्ची दिली होती. बोका रबरी तळव्याचे बूट घालून टेबलांमधून फिरत होता. तो पटाकडे बघतच नव्हता, हे पाहून तिला नवल वाटलं. तो माणसांकडे बघत होता. एका बाईने हात उचलून मोहऱ्यावर नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. तोवर बोका तिच्या बाजूला दोन हातांच्या अंतरावर येऊन थबकला होता, श्वास धरून. कडी केसभर फिरली. ती बाई आपण हरलो हे ओळखत होती, आणि ते ओळखण्याचा क्षण तिच्या चेहऱ्यावर यायला अजून थोडा अवकाश होता. बोका थांबला. मग टक्.

ताईला तो आवाज ऐकू आला नाही, फक्त त्याचं बोट हललेलं दिसलं. हा आपला धाकटा भाऊ, ज्याला शाळेत नेताना रस्त्यात तीनदा थांबून नाक पुसावं लागे, तो इतका शांत उभा राहू शकतो हे तिला पासष्ट वर्षांत माहीत नव्हतं.

तेवढ्यात तिला शिंक आली. दालनातला धुळकट पडदा जवळच होता. तिने नाक दाबलं, श्वास कोंडला, डोळे फिरवले, रुमाल तोंडात कोंबला. पण शिंक म्हणजे शिंक. दीडशे माणसांनी माना वळवल्या. पंचांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने आतापर्यंत पडलेले कॅमेरे आणणाऱ्यांना दिलेल्या सगळ्या नजरा एकदम फिटल्या.

सोमवारी बोका पाकीट घेऊन दुकानात आला. ताईने भिंग लावलं. त्या बाईच्या पापण्या एकेक मोजता येत होत्या. डोळ्यांतल्या ओलीत वरच्या दिव्याचा इवलासा ठिपका होता, आणि कानापासून मागचं सगळं मऊ, विरघळलेलं. ताईने तो फोटो बराच वेळ हातातून सोडला नाही. तो चांगला आलाय, असं ती म्हणाली नाही. फक्त जुळणी टिकली आहे, असं म्हणाली, आणि बोक्याला ते पुरलं.

पाकिटाच्या तळाशी आणखी एक फोटो होता. त्यात गाल फुगलेली, डोळे गरगरीत, तोंडात निम्मा रुमाल असलेली एक म्हातारी होती, आणि तिची प्रत्येक सुरकुती, प्रत्येक पांढरा केस काटेकोर फोकसमध्ये.

"फाड हा," ताई म्हणाली.

बोक्याने कान धरले आणि कबूल केलं की उशीर झालाय. मुलीला तो आधीच पाठवला होता. तिने आपल्या फोनच्या पडद्यावर लावलाय आणि ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरतेय, की ही माझी आत्या, हिने माझ्या बाबांचे डोळे दुरुस्त केले.